पाय न टेकता

निवृत्तीनंतर लोक घरावर स्लॅब टाकतात. कोंडाजीतात्या कळंब्यांनी मोटारसायकल घेतली.

साधी नव्हे. दोनशे साठ किलोची, लांबच्या प्रवासाची. पुढे छातीएवढी काच, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, आणि मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला गादी. मुंबईतल्या कुणा हौशी माणसाने तीन वर्षं वापरून ती विकायला काढली होती. तात्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती, तीही घाटात. एवढी वर्षं मागे पन्नास माणसं बसवून फिरलो, आता एकच बसवणार, असं ते म्हणाले.

त्या एकीचं नाव साळूबाई. पहिल्या दिवशी गाडीच्या गादीवरून हात फिरवून ती म्हणाली, "ही काय सोप्यात ठेवायची? बसायला बरी हाय."

मग ती बसली. दोन वर्षांत दोघं शिवथरघळीला जाऊन आली, हरिहरेश्वरला जाऊन आली. पाचाडला एका खानावळीत साळूबाईने दुसऱ्या बाईच्या हातची भाकरी जन्मात पहिल्यांदा नावं न ठेवता खाल्ली. उमरठच्या पलीकडे डोंगरात त्यांची वाडी. तिथे या प्रवासाची चर्चा होई. तात्यांना सगळे 'डायवर' म्हणत. गाडी आल्यापासून 'म्हातारा डायवर' म्हणू लागले. तात्यांनी त्यातला पहिला शब्द कधी ऐकूनच घेतला नाही.

तो ऐकून घ्यायची वेळ आली शिमग्यात.

होळीच्या आदल्या दिवशी वाडी माणसांनी भरली होती. मुंबईकर आलेले. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, पुरुषमंडळी पाय सोडून बसलेली. रस्त्यावरून वाडीत येणारी वाट सहाणेपाशीच वळते. तात्या पोलादपूरहून येत होते. पेट्यांत नारळ आणि साखर. वळणावर त्यांनी वेग कमी केला. माणूस चालतो तेवढाच ठेवला.

हँडल डावीकडे दिलं. ते डावीकडेच राहिलं. तात्यांनी उजवीकडे ओढलं, तर गाडी जास्तच उजवीकडे गेली. पुन्हा डावीकडे. गाडी झिंगल्यासारखी चालली. तात्यांनी पाय टेकला, खडीवरून पाय सरकला, आणि दोनशे साठ किलो सावकाश, सगळ्या वाडीला नीट दिसेल अशा बेताने, आडवे झाले. पेटी उघडली. नारळ वाटेने खाली निघाले.

चौघांनी गाडी उचलली. तात्या उठले. एसटीच्या खाकीला कधी डाग लागू न देणारा माणूस, आता पँटवरची माती झाडत म्हणाला, "मी पडलो नाय. गाडी पडली."

"बरोबर हाय," सहाणेवरून चंदू म्हणाला. चंदू म्हणजे त्यांच्याच गाडीवरचा जुना कंडक्टर, आता तोही निवृत्त. "तुमी फक्त तिच्या खाली होता."

सहाण हसली. तात्यांचा मुलगा विनीत हसला नाही. त्याने वाकून गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

घरी आल्यावर विनीतने आवाज चढवला नाही. तो मुंबईत कुरिअर कंपनीत सुपरवायझर होता. न चिडता माणसांना नाही म्हणायची त्याला सवय होती.

"आबा, बास आता. त्रेसष्ट कम्प्लीट झाली तुम्हाला. चिपळूणचा एक माणूस आहे, त्याला गाडी पसंत आहे. शिमगा संपला की टेम्पो घेऊन येतो."

"पसंत हाय? त्यानं बघितली कुठं?"

"फोटो पाठवला होता."

"कधी काढलास फोटो?"

विनीतने मान खाली घातली. "गणपतीत."

म्हणजे सहा महिने झाले. साळूबाई चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली.

"गाडी जड आहे आबा. तुमचे हात आता…" विनीत थांबला. पुढचा शब्द त्याला सापडला नाही, एवढंच. पण तात्यांनी डावा हात मांडीखाली घेतला.

दिवाळीपासून त्यांचा डावा हात सकाळी हलत असे. पाच-दहा मिनिटं. चहाचा कप बशीवर वाजायचा. तात्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साळूबाईने विचारलंही नव्हतं. एक दिवस तिने कपबशा फडताळात वर ठेवून दिल्या आणि चहा स्टीलच्या पेल्यात, अर्धा भरून द्यायला लागली. तात्यांना वाटलं, कपांचे कान मोडले असतील.

तेव्हा प्रश्न टेम्पोचा नव्हता. टेम्पोला त्यांनी वाटेतूनच परत पाठवला असता. प्रश्न असा होता, की गाडी पडली ती गाडीमुळे, की हातामुळे? हातामुळे असेल तर विनीत बरोबर होता. आणि विनीत बरोबर असणं तात्यांना अजिबात मान्य नव्हतं. पण मान्य नसणं हा पुरावा होत नाही, हे त्यांना एसटीने शिकवलं होतं.

त्यांनी वही काढली.

वर्कशॉपात एक जुना मिस्त्री होता. ड्रायव्हर येऊन तक्रार लिहीत, 'गिअरबॉक्स खराब'. मिस्त्री वही परत फेकायचा. "काय होतंय तेवढं लिवा. कशामुळं होतंय ते आमी बघू. तुमी डॉक्टर नाय, तुमी पेशंटचे बाप." तात्या ते शिकले. वाहन काय करतं, कुठे करतं, किती वेगात करतं, केव्हापासून. बाकी एक शब्द नाही. त्यांच्या तक्रारी पुढे नव्या ड्रायव्हरांना वाचून दाखवत.

आता त्यांनी लिहिलं:

'सावकाश चालवताना गाडी सरळ राहत नाही. माणसाच्या चालीच्या वेगात. तीसच्या पुढे काही त्रास नाही. हँडल डावीकडे दिलं तर डावीकडेच राहतं. परत आणावं लागतं. आणताना जास्त येतं. उजवीकडेही तेच. सहाणेचं वळण, पेट्रोलपंपाची रांग, कापडे गावचा बाजार. पाचाडहून आल्यानंतर सुरू.'

पेन थांबलं. एक गोष्ट लिहायची राहिली होती. ती त्यांनी लिहिली नाही. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी वाडी होळीसाठी झाड आणायला रानात गेली. विनीतही गेला. किल्ली त्याच्या खिशातच. तात्यांना किल्लीची गरज नव्हती. अंगणात गाडी ढकलता येत होती, आणि त्रास ढकलण्याच्या वेगातच होता.

आधी हवा. पुढच्या चाकात चार पौंड कमी निघाली. तात्यांनी पायाच्या पंपाने भरली. अंगणाच्या उतारावर गाडी ढकलून पाहिली. पूर्वीसारखीच. मग दोन्ही पेट्या काढल्या. एका बाजूला भार जास्त असेल तर गाडी तिकडे ओढते. पुन्हा ढकलली. फरक नाही. हँडलजवळच्या वायरी, केबली कुठे ताणल्यात का पाहिलं. सगळं सैल होतं.

ते घामाने भिजून पायरीवर बसले. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. प्रत्येक वेळी हँडलवर त्यांचाच हात होता. हात मध्ये असेपर्यंत उत्तर मिळणार नव्हतं. हात बाजूला काढायला हवा होता.

त्यांनी गाडी डबल स्टँडवर चढवली. मागचं चाक वर राहिलं, पुढचं जमिनीला टेकलं. पुढचं अधांतरी हवं होतं. मागे वजन हवं होतं.

"साळू, अगो साळू! जरा मागं बस."

साळूबाई दारात आली. हातात मोड आलेल्या वालांचं पातेलं. "जायचं कुठं?"

"कुठंच नाय."

"मग बसू कशाला?"

"तुझ्या वजनाचं काम हाय."

साळूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत माझं वजन तुमाला आज कामाला आलं."

पण ती बसली. गादीच्याही मागे, पेट्यांच्या कॅरिअरवर, पातेलं मांडीत घेऊन. पुढचं चाक दोन बोटं उचललं गेलं. साळूबाईचे पाय लोंबकळत होते. ती वाल सोलायला लागली. सालं अंगणात पडत होती. वाडीतल्या कुणी पाहिलं असतं तर शिमग्याचं सोंग समजून हसलं असतं.

तात्यांनी हँडल सरळ केलं. मग दोन्ही हात काढले आणि पाठीमागे बांधले. शाळेत उभं राहावं तसे उभे राहिले. थोड्या वेळाने एकच बोट पुढे केलं आणि हँडलला डावीकडे जरासं टोचलं.

चांगलं हँडल असं टोचलं की आपल्या वजनाने पडतं. पार शेवटापर्यंत, धप्पकन. हे पडलं नाही. बोटाने ढकललं तेवढंच गेलं आणि तिथेच थांबलं. उजवीकडे टोचलं. तिथेही थांबलं. चिखलात खुंट रोवावा तसं.

तात्यांनी पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा हात पाठीमागे होते.

"उतरू?" साळूबाईने विचारलं.

"थांब." त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. "मी नाय गो."

"काय मी नाय?"

"मी नाय. गाडीच हाय."

साळूबाईने एक वाल सोलला. "मला ठावं होतं."

"तुला काय ठावं होतं?"

"तुमी नाय ते. पण माझं विचारतंय कोण? माझं फक्त वजन कामाचं."

तात्यांनी पोलादपूरला बुद्धरत्नला फोन लावला. बुद्धरत्नचं हायवेच्या बाजूला गॅरेज होतं. तिशीतला मुलगा, हात धुऊन मगच जड गाडीला हात लावणारा. तात्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. म्हणजे असं सगळ्यांना वाटत होतं.

तासाभरात तो स्कूटर घेऊन आला. साळूबाई पुन्हा मागे बसली. बुद्धरत्नने बोटाने हँडल टोचलं. पुन्हा टोचलं.

"डायवरकाका, कोनसेट आवळलाय हिचा." कोनसेट म्हणजे हँडल ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग.

"तूच आवळलास. पाचाडहून आलो तेव्हा."

"मी आवळला तो असा नाय. तुमच्यासमोर हँडल पाडून दाखवलं होतं. दोन्ही बाजूला पडत होतं. आठवतंय का?"

तात्यांना आठवत होतं.

बुद्धरत्नने हँडलखालचं झाकण काढलं आणि मोबाईलची बत्ती धरली. आत एक गोल नट होता. त्याच्या खाचेत धातू ताजा, पांढरा चमकत होता. कुणीतरी तिथे छन्नी लावून हातोडा मारला होता.

"काका, ह्या नटासाठी माझ्याकडं वेगळा पाना हाय. मी छन्नी कशाला मारू? कुणी केलं हे?"

कॅरिअरवरून साळूबाई म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. मी बिरडं करतंय."

स्टेअरिंगमधला ढील हा तात्यांचा जन्माचा शत्रू. एसटीत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका जुन्या ड्रायव्हरने त्यांचा हात चाकावर ठेवून सांगितलं होतं, की घाटात ब्रेक एकदा माफ करेल, स्टेअरिंग नाही. तेव्हापासून रोज पहाटे गाडीत बसल्यावर ते आधी चाक हलवून पाहायचे. एकदा चाक बोटभर रिकामं फिरलं. तात्या खाली उतरले आणि पायरीवर हाताची घडी घालून बसले. आत पन्नास माणसं. कुणी विनंती केली, कुणी आईबाप काढले. तात्या उठले नाहीत. वर्कशॉपने वीस मिनिटांत काम करून दिलं, तेव्हा उठले. त्या वीस मिनिटांचा त्यांना आजही अभिमान होता.

जानेवारीत पाचाडहून येताना, खड्ड्यात ब्रेक दाबला की पुढे टक असा आवाज यायचा. बुद्धरत्नने नट आवळला. आवाज गेला. पण घरी येऊन तात्यांनी पुढची दांडी धरून हलवली. हाताला काहीतरी जाणवलं. सुताचा चौथा भाग असेल. कदाचित नसेलही. त्यांनी फडताळातून छन्नी काढली आणि नटाला दोन ठोके दिले. मग मनाची खात्री म्हणून आणखी एक. आणि विसरून गेले. चांगली केलेली गोष्ट माणूस विसरतो, तशी.

आताही कुणी पाहिलं नव्हतं. नट बोलणार नव्हता.

"मी मारली छन्नी," तात्या म्हणाले.

बुद्धरत्न हसला नाही, म्हणून तात्यांना तो जास्तच आवडला. त्याने पाना लावला. "काका, बसचं वेगळं. ती चार-सहा चाकांवर उभी असते. ही दोन चाकांवर. सावकाश चालताना हिचं पुढचं चाक आपलं आपण केसभर हिकडं, केसभर तिकडं फिरतं, त्यावर ती तोल धरते. तुमाला ते दिसत पण नाय. वेगात तिला गरज नसते, म्हणून तीसच्या पुढे त्रास नव्हता. तुमी तिचे हात बांधले न् वर म्हणता सरळ चाल. मग सगळा तोल तुमालाच धरायला लागतो. न् माणूस तो नेहमी उशिरा धरतो."

"ढील राहिला तर?"

"ढील नकोच. पण आवळलेलं पण नको. त्याच्यामधी एक जागा असते. ती हातानं शोधायला लागते. ठोकून नाय."

त्याने नट थोडा सोडला. दांडी धरून पुढेमागे हलवली. टक नाही. हँडल टोचलं. ते जड डोलत डावीकडे गेलं आणि शेवटी धप्प पडलं. उजवीकडे टोचलं. धप्प. मग त्याने डोळे मिटून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. आत कुठे अडकतं का ते बघत. "नशीब. आत खळगे पडले नाहीत. शिमगा झाला की खोलून ग्रीस भरू."

त्याला चहा दिला. जाताना तो म्हणाला, "आणि ती छन्नी मला द्या." तात्यांनी मुकाट्याने दिली.

विनीत आला तेव्हा तात्यांनी त्याच्यापुढे वही ठेवली. कालची नोंद, आणि खाली आजची: 'कोनसेट जास्त आवळलेला. आवळणारा: कोंडाजी कळंबे.' खाली सही. लॉगशीटवर करायचे तशी.

विनीतने दोनदा वाचलं. "म्हणजे तुम्हीच केलं."

"मीच केलं. लिवलंय ना."

"आणि उद्या आणखी काहीतरी ठोकाल."

"छन्नी बुद्धरत्न घेऊन गेला," साळूबाई म्हणाली.

"आई, मस्करी नको. आबा, गाडीचं काय होतं ते मला नका समजावू. मी ऑफिसात असेन. कापड्याहून कुणाचा तरी फोन येईल. नंबर अनोळखी असेल. रोज अनोळखी नंबर आला की मला आधी तेच वाटतं. दोन वर्षं झाली. तुम्हाला त्याचं काय?"

असं काही तात्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माघार त्यांच्या अंगात नव्हती.

"तू म्हणशील ती परीक्षा घे," ते म्हणाले. "आधी घे. मग टेम्पो बोलव."

विनीत वैतागला. भिंतीवर मंडळाचं पत्रक चिकटवलेलं होतं. मुंबईच्या मुलांनी शिमग्यातले खेळ ठेवले होते: लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, स्लो बाईक. त्याने पत्रकावर बोट ठेवलं. "परवा स्लो बाईक आहे. तीस मीटर. सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. जा उतरा. पाय टेकला तर मी टेम्पो बोलावणार."

"न् नाय टेकला तर?" साळूबाईने विचारलं.

"तर… नाही बोलावणार."

"ऐकलंय हां मी."

खेळ भात कापलेल्या शेतात होते. जमीन टणक, मध्ये फक्कीने आखलेल्या पांढऱ्या पट्ट्या. सहा पट्ट्या, सहा गाड्या. पाच हलक्या, पोरांच्या. सहावी तात्यांची. ते हेल्मेट घालून, पेट्या लावून आले. किल्ली विनीतने शर्यतीपुरती दिली होती. शिट्ट्या झाल्या. लाऊडस्पीकर चंदूच्या हातात होता, म्हणजे आता त्याला आवरणारं कुणी नव्हतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! सहा नंबरच्या फलाटावर रातराणी लागलेली हाय! सामान वर टाकू नये!"

साळूबाई गर्दीतून निघाली. पदर खोचला आणि मागे चढून बसली.

"उतर गो," तात्या दबक्या आवाजात म्हणाले.

"पाचाडला मागं होते. अंगणात मागं होते. आता हितं उतरू?"

"वहिनी, डबल सीट चालणार नाय!" लाऊडस्पीकर ओरडला.

"कुठं लिवलंय?"

चंदूने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

शिट्टी झाली. तात्यांनी क्लच अर्धा सोडला, मागचा ब्रेक पायाने किंचित धरला. नजर चाकाकडे नाही, पार समोर बांधावरच्या आंब्यावर. गाडी निघाली. मुंगीच्या चालीने. हँडल त्यांच्या हातात आपलं आपण हलत होतं, केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे. दोन महिने ते असं हलायचं बंद झालं होतं, आणि त्यांना कळलंही नव्हतं.

क्लच डाव्या हातात होता. तात्या त्या हाताची वाट पाहत होते. ये, हल, ते मनात म्हणाले. आता हल, सगळ्यांसमोर हल. तो हलला नाही.

एक पोरगा पाय टेकून बाद झाला. दुसरा घाईत पुढे निघून गेला. मग आणखी दोन. पट्टीच्या मध्यावर गाडी डावीकडे कलली. सहाणेपाशी कलली होती तशीच. तात्यांचा पाय फूटरेस्टवरून उचलला गेला. गर्दीत विनीत एक पाऊल पुढे आला. तात्यांना वाटलं, हँडल ओढावं. त्यांनी ओढलं नाही. थांबले. हाताची घडी घालून पायरीवर बसले होते तेव्हा थांबले होते, तेवढंच घट्ट थांबले. हँडल आपलं आपण डावीकडे वळलं, गाडी खालून सावरून आली, आणि पाय पुन्हा जागेवर गेला.

मागून साळूबाई म्हणाली, "झालं का? चला पुढं."

ते रेषेपार गेले तेव्हा एक स्कूटर अजून मागे घुटमळत होती. तो पोरगा शेवटी पोचला, म्हणून पहिला आला.

"दुसरा नंबर, रातराणी!" चंदू ओरडला. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेळेच्या आधी आली न् तिथंच हरली!"

मंडळाच्या पोराने तात्यांच्या हातात कागदी कपात चहा दिला, काठोकाठ. उजव्या हातात हेल्मेट होतं. त्यांनी कप डाव्या हातात घेतला. आणि हात हलायला लागला. चहा अंगठ्यावर सांडला. तात्यांनी मान वर केली. समोर विनीत उभा होता. त्याने पाहिलं होतं.

तात्यांनी कप लपवला नाही.

"हा चहाला हलतो," ते म्हणाले. "हँडलला नाय."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून," साळूबाईने सांगितलं. तात्या तिच्याकडे बघतच राहिले. "बघता काय? मी कप वर काय हौस म्हणून ठेवले?"

त्या संध्याकाळी तात्यांनी वहीत नवं पान काढलं. जे पडल्या दिवशी लिहिलं नव्हतं ते लिहिलं. 'डावा हात सकाळी हलतो. कप धरल्यावर. पाच ते दहा मिनिटं. दिवाळीपासून. आज दुपारीही हलला. क्लच धरताना हलत नाही.' कशामुळे, ते लिहिलं नाही. पान फाडून विनीतला दिलं.

"हे महाडच्या डॉक्टरला दाखवू. कशामुळं ते त्याला लिवू दे."

विनीतने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याच खिशातून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. "आणि तो म्हणाला गाडी बंद, तर?"

"तर त्याला विचारीन, काय बघून म्हणतोस. माझ्यासारखं लिवून दे म्हणीन."

"सकाळी रिक्षा सांगतो."

"रिक्षा कशाला? महाडला माझी गाडी जाईल. तू मागं बस. तुला तेवढाच अनोळखी नंबर नको यायला."

सकाळी विनीत मागच्या गादीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. साळूबाई दारात उभी होती, तिची जागा एका दिवसापुरती दिल्यासारखी. गाडी उतारावरून आली. सहाणेवर नेहमीची माणसं होती, चंदूही होता. वळणावर तात्यांनी वेग कमी केला. माणूस चालतो तेवढाच ठेवला. विनीतने दोन्ही पाय फूटरेस्टवरून काढले आणि जमिनीच्या वर तयार धरले.

"पाय वर घे," तात्या मागे न बघता म्हणाले.

"आबा—"

"वर घे म्हणतो. मला तिचा तोल समजू दे."

विनीतने पाय वर घेतले. सहाणेवर चंदूनेही सोडलेले पाय वर ओढले. गाडी वळली.